सवतीचा वायसर

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडली. मी सांगतेय, नात लिहून घेतेय. कुणाला पटो न पटो.

साल त्र्याहत्तर. चैत्राचं ऊन. भूम गावचा बाजार. आणि रात्र नव्हती, भर दुपार होती.

आमचं फुगे फोडायचं दुकान होतं. लाकडी फळी, मागं कापडी पडदा, आणि छर्‍याची एक बंदूक. बाजार असेल तिथं सोसायटीच्या गोदामामागं आम्ही ठाण मांडायचो. त्या दुष्काळात लोक पाण्याला महाग झाले होते, तरी फुगा फोडायला यायचेच.

मी मालकांची दुसरी बायको. पहिली केशरबाई, काविळीनं गेली. लग्नात माझ्या गळ्यात तिच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक घातला. म्हणजे सवतीला गळ्यात बांधूनच मी घरात आले.

बंदूक साफ करायचं काम आधी तिचं होतं, मग माझं झालं. नळीतून चिंधी ओढायची. आत दट्ट्या असतो, त्यावर चामड्याचा गोल वायसर. त्याला एरंडेल पाजायचं. वायसर वाळला की हवा निसटते आणि छर्रा फुग्यापर्यंत पोचत नाही.

मी कितीही पुसली तरी मालक एकच म्हणायचे, "केशरच्या हातात बंदूक गप बसायची."

मला हाक मारताना नुसतं "अगं". वर्ष झालं तरी माझं नाव त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. नाव फक्त तिचं.

मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. पोटभर केला.

एकदा बंदूक खोलली. वायसर काळाभोर, लोण्यासारखा मऊ. सासूबाई म्हणाल्या, तो केशरनं स्वतःच्या चपलेतून कापला होता. दुकानातलं चामडं लवकर वाळतं म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रोज मी तिच्या चपलेला तेल पाजत होते!

तो वायसर मी चुलीत टाकला. बार्शीहून आणलेला नवा बसवला. आता बंदूक माझ्या हाताची होणार होती.

बाजाराच्या दिवशी पहिलाच बार... फुस्स.

छर्रा फळीपुढंच पडला. दुसराही. तिसराही. गिऱ्हाईक हसत निघून गेलं. मालक काही बोलले नाहीत. आजारी माणसाला निजवावं तशी त्यांनी बंदूक फळीवर ठेवली आणि पाण्याच्या टँकरकडं घागर घेऊन गेले.

बोलले असते तर बरं झालं असतं.

मी चपला फळीपाशी काढल्या आणि पडद्यामागं फुगे फुगवत बसले. बाजार उन्हानं ओस पडला होता.

तेवढ्यात...

टक.

बंदूक उघडायला नळी खाली मोडतात, तो आवाज. मला वाटलं मालक आले. हाक मारली.

मग स्क्रू फिरल्याची किरकिर. मग चिंधी ओढल्याची सरसर. सावकाश, सवयीच्या हाताची.

मग कर्रर्र... चामड्यावरून पातं फिरत होतं.

मला पडदा बाजूला करायचा होता. हात उचललाच नाही. एरंडेलाचा वास आला. गळ्यातला टाक गार पडला होता. हात लावला तर बोटं तेलकट झाली.

आवाज थांबला.

बऱ्याच वेळानं मी बाहेर आले. कुणी नव्हतं. बंदूक जुळवून ठेवलेली, नळी लखलखीत. माझा बार्शीचा वायसर शेजारी पडलेला.

आणि माझी डावी चप्पल... टाचेला बंद्या रुपयाएवढं गोल भोक.

मी चपला पोत्याखाली दडवल्या. मालक आले. त्यांनी नेम धरला. फट्! दुसरा फुगा. फट्! पाच छर्‍यांत पाच फुगे.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट, पहिल्यांदाच.

"तुळजा, तुझा हात बसला बघ."

माझं नाव! ह्याच हाकेसाठी मी वर्षभर जळत होते. म्हणायला हवं होतं की हे मी केलं नाही.

मी म्हणाले, "व्हय."

त्या दिवशी मी तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी घरी गेले.

त्यानंतर मालकांनी केशरचं नाव काढलं नाही. बंदूक मी परत कधी खोलली नाही. तेलाचा थेंब घातला नाही. तरी ती दुकान बंद होईपर्यंत गोड चालली. दर बाजारी मालक म्हणायचे, तुळजाच्या हाताला तोड नाही. दर वेळी मी मान डोलवायचे आणि टाक तेलकट व्हायचा.

पाच वर्षांपूर्वी मालक गेले. मी उशाशी बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि हसून हाक मारली...

"तुळजा."

मी त्यांचा हात धरला होता. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघत होते.

मी वळून पाहिलं नाही. एरंडेलाचा वास आला होता.

नाव माझं होतं. हाक कुणाला होती, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि खरं सांगू? भीती कमी झाली. हेवा मात्र अजून जात नाही.