पेगीची पाच मिनिटं

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी म्युरिएल ब्रॉकबँक बिस्किटांचा जुना डबा मांडीवर घेऊन सँडगिलच्या बसमध्ये बसली होती. डब्यात बिस्किटं नव्हती. टीव्हीच्या साप्ताहिकाचे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे अंक होते, खास त्या भागासाठी निघणाऱ्या आवृत्तीचे. त्या आवृत्तीची कार्यक्रमपत्रिका म्युरिएलने तेरा वर्षं जुळवली होती. पंच्याऐंशीव्या वर्षी कुणी भाषणाला बोलावतं ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. सकाळी तिने केस बसवून घेतले होते आणि आता त्याचा तिला थोडा संकोच वाटत होता.

बोलावणं होतं टार्नसाइड टेलिव्हिजनच्या चाहत्यांच्या मंडळाचं. ते छोटं स्टेशन केव्हाच एका मोठ्या कंपनीच्या पोटात गडप झालं आणि साप्ताहिकाची आवृत्तीही मागोमाग गेली. पण माणसं कशाच्या आठवणीने गहिवरतील याचा नेम नसतो. मेंढ्यांचे बाजारभाव, मुलांचे वाढदिवस वाचून दाखवणारी निवेदिका, रात्री कार्यक्रम संपले की 'टीव्हीचा प्लग काढायला विसरू नका' असं बजावणारा खर्जातला आवाज... एवढ्या भांडवलावर साठीला टेकलेली माणसं दर महिन्याला जमत आणि डोळे पुसत.

म्युरिएलकडे त्यांच्यासाठी एक गंमत होती. त्या काळी आठवड्याभराचे कार्यक्रम छापायचा हक्क एकट्या साप्ताहिकाचा असे, आणि आसपासची फुटकळ वर्तमानपत्रं ते बिनदिक्कत चोरत. मग तिच्या साहेबांनी, मिस्टर हार्करनी, एक युक्ती काढली होती. "एक खोटा कार्यक्रम घुसडून दे, म्युरिएल. ज्याच्या पानावर तो दिसेल त्याची मान आपल्या हातात." म्युरिएलने गुरुवारची चार वीसची वेळ निवडली. त्या पाच मिनिटांत स्टेशनवर नुसतं घड्याळाचं चित्र आणि रडकी वाजंत्री असे, म्हणजे कुणाचं काही बुडणार नव्हतं. तिने छापायला दिलं : पेगीची पाच मिनिटं, छोट्या दोस्तांसाठी.

तेरा वर्षं ती ओळ छापून येत राहिली. चोर एकही सापडला नाही. पण असा कार्यक्रम लागतच नाही, अशी तक्रारही एकाही घरातून आली नाही, आणि या गोष्टीचं म्युरिएलला कधी नवल वाटलं नव्हतं.

पेगी हे तिच्या धाकट्या बहिणीचं नाव. सहा वर्षांची असताना ती नाहीशी झाली, सापडली नाही; समुद्राच्या भरतीने नेली असणार, असं शेवटी सगळ्यांनी धरलं. एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं म्युरिएलने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. चुकून तोंडातून जाईल म्हणून तिने लग्नही केलं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

चर्चचा हॉल रेल्वे स्टेशनच्या मागे होता. दार उघडताच ओल्या कोटांचा, जास्त उकळलेल्या चहाचा आणि जुन्या कागदांचा वास एकदम अंगावर आला. वीस-बावीस माणसं असतील. पुढच्या टेबलावर लाकडी खोक्यातला एक भलामोठा जुना टीव्ही मांडला होता. त्याची वायर गुंडाळून मागे ठेवलेली होती. मंडळाचा चिटणीस डेरेक हडलस्टन, टकला आणि लगबग्या, धावतच पुढे आला.

"या, या, मिस ब्रॉकबँक! आम्हाला वाटलं, तुम्ही येताय की नाही."

"बस वेळेवर होती हो. माझे गुडघे तेवढे उशिरा आले."

सगळे हसले. तिच्या हातात चहा आला, बशीत रम घातलेलं गोड लोणी लावलेला स्कोन, म्हणजे छोटा पाव आला. शेजारी बसलेल्या शेरिल नावाच्या जाड चष्म्याच्या बाईने आपल्या पिशवीतून एक फाटका अंक काढला आणि लहान मुलीसारखा पुढे धरला.

"हा माझा. आई रागवायची, पानं रंगवते म्हणून."

म्युरिएलने चष्मा सारखा केला. गुरुवारचं पान होतं. चार वीसच्या ओळीभोवती लाल खडूचं जाडजूड वर्तुळ होतं.

"माझ्याकडे निळं आहे," पलीकडून कीथ म्हणाला. जन्मभर ट्रक चालवलेला हा धिप्पाड गडी खुर्चीत मावत नव्हता. "आम्ही चौघं भावंडं. अंक आला की त्या वर्तुळावरून मारामारी."

म्युरिएलला हसू आलं. बिचाऱ्यांना काय ठाऊक! डेरेकने टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा ती काठी टेकून उभी राहिली आणि तिने ती गंमत रंगवून सांगितली. हार्करसाहेबांचा आवाज काढून दाखवला. चोर पत्रांची फजिती करायची होती, हे सांगितलं. "तेव्हा मंडळी," ती शेवटी म्हणाली, "पेगीची पाच मिनिटं हा कार्यक्रम कधी झालाच नाही. तो मी पेन्सिलीने तयार केला, बसल्या जागी."

हशा होईल म्हणून ती थांबली.

कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. आजारी माणूस काहीबाही बोलतो तेव्हा भोवतालचे बघतात, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"झाला ना," शेरिल हळूच म्हणाली. "दर गुरुवारी. मी बघायचे."

"अहो, ते घड्याळाचं चित्र असायचं."

"घड्याळ मोठ्यांना दिसायचं," कीथ म्हणाला. "आमची आई म्हणायची, हे घड्याळाकडे काय बघत बसता रे..."

मनाचे खेळ, म्युरिएलने स्वतःला समजावलं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मान डोलवायची, की तिसऱ्याला आठवायला लागतं. ती जराशी खोचकपणे म्हणाली, "बरं बाई. मग काय असायचं त्यात?"

"वाळू," शेरिल म्हणाली. "लांबच लांब, ओली. आणि एक खांब."

"बोटी बांधायचा," कोणीतरी मागून म्हणालं.

"त्या खांबाच्या खालच्या लाकडावर ती उभी असायची. आमच्याकडे पाठ. तपकिरी कोट, आणि..." शेरिल थांबली. "...आणि बूट उलटे घातलेले. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. मला इतकं वाईट वाटायचं. वाटायचं, टीव्हीत हात घालावा आणि नीट करून द्यावेत."

म्युरिएल खाली बसली. त्या सकाळी पेगीला बूट तिने घातले होते. घाईत, उलटे, आणि पोरगी कुरकुरली तेव्हा 'चालतं तसंच' म्हणून दटावलं होतं. हे आईलाही ठाऊक नव्हतं. आई तेव्हा झोपलेली होती.

बाहेर अंधारून आलं होतं. साडेतीनलाच दिवे लागणारे दिवस ते. कोणीतरी उठून पडदे ओढले.

"काय करायची ती?" म्युरिएलने विचारलं.

"मोजायची," डेरेक म्हणाला. "एक, दोन, तीन... एकोणचाळीसपर्यंत नीट. पुढे अडायची. मग परत तीस. बिचारीला चाळीस येतच नव्हते."

"मग आम्ही ओरडायचो, चाळीस! चाळीस!" कीथ हसला, पण हसताना त्याने डोळे पुसले. "घराघरातून. तिला ऐकू जायचं, मिस ब्रॉकबँक. एका गुरुवारी तिने म्हटलं चाळीस, तेव्हा माझा धाकटा भाऊ अख्ख्या गल्लीत नाचला होता."

"आणि पाणी?" म्युरिएलने विचारलं.

शेरिलने तिच्या हातावर हात ठेवला. तेवढं पुरे होतं.

चौऱ्याहत्तर वर्षं दाबून ठेवलेलं मग आपोआप बाहेर आलं. म्युरिएलने कोणाकडे पाहिलं नाही, बशीतल्या स्कोनकडे बघत बोलत राहिली. "मला तिचा कंटाळा आला होता. सारखी मागे मागे... मैत्रिणीकडे नवा ग्रामोफोन आला होता, आणि मला ही नको होती बरोबर. मी तिला खांबाशी उभं केलं. म्हटलं, शंभरपर्यंत मोज, मागे वळून बघायचं नाही, मग मी येते. तिला एकोणचाळीसच्या पुढे येत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं. आणि घरी विचारलं तेव्हा सांगितलं, ती रानाकडे गेली. सगळं गाव कंदील घेऊन रानात हिंडत होतं. खांबाकडे कोणी गेलंच नाही... माझ्यामुळे गेलं नाही."

आता कोणीतरी उठून थुंकावं, निघून जा म्हणावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

"ठाऊक आहे आम्हाला," डेरेक म्हणाला.

"काय?"

"ती सांगायची ना. मोजून झालं की थोडं बोलायची, पाठमोरीच. मुरी येणार आहे म्हणायची. मुरीने सांगितलंय." त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. "मुरी म्हणजे कोण, ते आम्हाला कुठे माहीत! दोन वर्षांपूर्वी जुन्या अंकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुमचं नाव सापडलं, म्युरिएल. मग तुमचा पत्ता शोधायला आणखी वर्ष गेलं."

"रागावली आहे का ती?" म्युरिएलने विचारलं. लहान मूल विचारतं तसंच विचारलं.

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"स्टेशन बंद झालं त्या आठवड्यातला गुरुवार," शेरिल म्हणाली. "मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी ती शंभरपर्यंत पोचली. एकदाही अडली नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो. मग ती खांबावरून उतरली आणि पहिल्यांदा... वळली."

"आणि?"

"हसत होती हो. म्हणाली, झालं माझं. आता पाळी मुरीची."

म्युरिएलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. टेबलावरचा टीव्ही तसाच होता, वायर गुंडाळलेली, काच काळी. त्या काचेत हॉलमधल्या खुर्च्या दिसत होत्या आणि सगळ्यात पुढे तिची स्वतःची, बाकदार, म्हातारी आकृती. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. कीथने फक्त हात देऊन तिला उठवलं, टीव्हीसमोर नेलं आणि हॉलकडे पाठ, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"वळून नाही बघायचं, बाई," तो हळुवारपणे म्हणाला.

आपण नाही म्हणू शकतो, हे तिला कळत होतं. पण नाही म्हणावंसं वाटेना. हे तिचं देणं होतं, आणि ते देता येतंय याचं तिला रडू येईल इतकं बरं वाटत होतं. तिने डोळे मिटले.

"एक... दोन... तीन..."

विसाच्या सुमाराला मागे खुर्च्या सरकल्या. तिसाला कोट घातल्याचा सळसळाट झाला. कुणीतरी कपबशा उचलल्या, चहाचा बंब बंद केला. मग पावलं, सावकाश, एकामागून एक, चवड्यांवर चालल्यासारखी. दार उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं आणि लागलं. हॉल किती थंड आहे, ते तिला आता कळलं. थंडी घोट्यांपासून वर येत होती. दिवाही कोणीतरी घालवला असावा, मिटल्या पापण्यांना ते जाणवलं.

ती मोजत राहिली. पन्नास गेले, साठ गेले. हॉलमध्ये मिठाचा आणि शेवाळाचा वास होता.

"पासष्ट... सहासष्ट... सदुसष्ट..."

पुढचा आकडा सुचेना. इतकं सोपं, तरी सुचेना. वयाचा दोष, तिने मनाशी म्हटलं, आणि पुन्हा घोकलं, "सदुसष्ट... सदुसष्ट..."

"अडुसष्ट," कोणीतरी हळूच सांगितलं. आवाज अगदी जवळून आला होता, तिच्या कमरेइतक्या उंचीवरून.

म्युरिएलने मान वळवली नाही. "अडुसष्ट," ती म्हणाली. शंभराला अजून बत्तीस बाकी होते आणि ते सावकाश, अगदी सावकाश संपावेत, अशी तिची इच्छा होती.