गोठ्यातलं ताट

“द्या माझी लेक, आत्या!” पुष्पावती उंबऱ्यात आडवी उभी राहिली... आणि तिच्या सासूबाईंनी, रतनबाईंनी, दीड वर्षाच्या संस्कृतीला पदराखाली आणखीच घट्ट कवटाळले. अंगणवाडीत आज गोवराच्या लशीची दुसरी सूय होती. उद्या पाथर्डीहून ऊसतोडीला त्यांचा टेम्पो निघायचा, मग उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत कुठली सूय अन् कुठली नर्सबाई!

पहिल्या सुईनंतर पोरीला ताप भरला, तेव्हा “हिच्यापायी देवी कोपली” म्हणत रतनबाईंनी सुनेचे ताट गोठ्यात, शेणामुताच्या वासात मांडले होते. तो सारा अपमान तिने मुकाट गिळला होता...

“सरकारी बाटलीत काय असतंय, कुणाला ठाव?” सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेला थोरला दीर मच्छिंद्र मोबाईल नाचवत म्हणाला. “ह्यो व्हिडिओ बघ. पोरं लुळी पडत्यात!”

“मग आपल्या रविराजला कशापायी दिल्या समद्या सुया?” चुलीपाशी बसलेली त्याची बायको मुक्ताबाई फटकन बोलून गेली.



“त्ये... नगरला, मोठ्या दवाखान्यात. तिथली गोष्ट येगळी,” मच्छिंद्र चाचरला.

पुष्पावतीला किळस आली, नासलेल्या दुधाचा घोट तोंडात आल्यागत. स्वतःच्या लेकराला कवच, अन् भावाच्या लेकराला नुसते भय!

“शी, दादा! ताप यील, मांडी सुजल, हे नर्सबाईनं आदीच सांगितलं हुतं. गोवर झाला तर काय हुतंय, त्येबी सांगितलं. तुमी तर रविराजला दिलेली सूय लपवली! आता भरवसा कुनावर ठिवू?”

रतनबाईंचे हात सैलावले. त्यांची नजर दाराच्या चौकटीला खिळली. त्यांच्या चिमुकल्या लेकीला, चंद्रीला गोवर आला, तेव्हा तिथेच त्यांनी कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. देवी घरी आलीय म्हणून औषध दिले नव्हते, दहीभाताचा नैवेद्य तेवढा दाखवला होता... आणि चंद्री गेली होती.

“पुष्पे... सूय टोचली असती, तर माझी चंद्री...?”

पुष्पावतीला ठाऊक होते, सूय तेव्हाही मिळत होती. त्याच वर्षी, चंद्रीच्याच वयाच्या तिला, तिच्या आईने ह्याच गावात सूय टोचून आणली होती. तिला गोठ्यातले ते ताट आठवले. एका शब्दात सारा सूड उगवता आला असता!

“तवा आपल्या गावात सूय आलीच नव्हती, आत्या,” ती हळूच म्हणाली.

रतनबाई तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. मग नातीला खांद्यावर घेऊन त्यांनी स्वतःच उंबरा ओलांडला.

“चल, पोरी. ताप आला तरी... तुझं ताट आता माझ्यापाशीच!”