आधी तुम्ही निघा

तिच्या हातातली फळी निसटली ती तरंगत तरंगत थेट त्याच्या छातीशी जाऊन टेकली. फळी म्हणजे फोमचा निळा तुकडा, तोल सांभाळायला पोहण्याच्या तलावावर मिळायचा. त्याने ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत फेकायची सोडून छातीशी धरून ठेवली.

"तुमचं गलबत," तो म्हणाला, "मालकाला न विचारताच निघालं वाटतं."

"मालकीण आहे त्याला."

"मग मालकिणीने स्वतः येऊन घेऊन जावं. आम्ही अनोळखी लोकांना माल देत नाही."

ती गेली. छातीएवढ्या कोमट पाण्यातून, सावकाश, सरळ. आपण कशा दिसतोय याचा विचार न करता एखाद्या पुरुषाच्या दिशेने चालत जाणं ती कधीच विसरून गेली होती. पाण्यात तिचा डावा पाय लंगडत नसे. पाणी फार भलं असतं. ते माणसाचं वजन स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्याची कुठे वाच्यता करत नाही.

जमिनीवर मात्र सगळी बोंब होती. लहानपणीच नीट न बसलेला खुब्याचा सांधा वयाच्या बत्तिसाव्या वर्षीच पार झिजून गेला होता. पडदे शिवण्याच्या कारखान्यात ती कापड बेतायची. दिवसभर लांबलचक टेबलाशी उभं राहायचं काम. चालताना ती टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवत जायची, कापडाच्या सुरकुत्या काढल्यासारखा. आधार घेतेय हे कुणाच्या लक्षात येत नसे. रात्री कूस बदलायची म्हटली तरी नाकी नऊ यायचे. सांधा बदलायचं ठरलं होतं, तारीखही मिळाली होती. सर्जन म्हणाले होते, तोवर दुखतंय म्हणून बसून राहू नका. मांडीतली ताकद गेली तर नवा सांधा पेलणार कोण? जमिनीवर जमत नसेल तर पाण्यात चाला. म्हणून हा तलावावरचा सकाळचा तास.

घरी ती आणि तिची वहिनी. भाऊ गेल्यापासून दोघीच. भाऊ चालत इस्पितळात गेला होता आणि परत आला नव्हता, त्यामुळे त्या घरात ऑपरेशन हा शब्द हळू आवाजातच उच्चारला जायचा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," वहिनी म्हणायची. "एकदा होऊन जाऊ दे, मग कुणाला कळायचंही कारण नाही." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. दोन वर्षं बरोबर हिंडलेला एक जण तिचा पाय ओढायला लागल्यावर भेटायचा बंद झाला होता. त्याने कारण सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दोघांनाही ते माहीतच होतं.

तेव्हा तलावातल्या या माणसाला आपली चाल दिसू द्यायची नाही, हे तिने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

तसं ते अवघड नव्हतं. बायकांची कपडे बदलायची खोली पायऱ्यांना अगदी लागून होती. उतरताना कठडा धरला की पुढचं पाणी सांभाळून घ्यायचं. चढतानाच काय ते धिंडवडे. एकेक पायरी, चांगला पाय वर, मग दुखरा ओढून घ्यायचा, मध्ये थांबून दात आवळायचे. म्हणून बाहेर पडायची वेळ आली की ती साळसूदपणे म्हणायची, "आधी तुम्ही निघा. मी अजून एक चक्कर मारते."

"छे, तुम्ही निघा. मला घाई नाही."

"मलाही नाही."

आणि खरंच कुणालाच घाई नसायची. तो यायचा तिच्याआधी, जायचा तिच्यानंतर. आधी ती तास संपताच सटकायची, तो पोहत पार दुसऱ्या टोकाला गेला की पाठ वळल्याबरोबर. पण मग तो दुसऱ्या टोकाला जाईनासा झाला. बोलत उभा राहू लागला. तो जमीन मोजणारा होता. पूर्वी रानोमाळ हिंडून मोजणी करायचा, आता कचेरीत बसून नकाशे काढायचा. का, ते त्याने सांगितलं नाही. तिला तो पडदेवाल्या बाई म्हणायचा, ती त्याला मोजणीदार. कुणाच्या घराला कसले पडदे आहेत यावरून घरातल्या नवराबायकोचं पटतं की नाही ते ओळखता येतं, असं तिने ठोकून दिलं, आणि त्याने ते खरं मानल्यासारखं दाखवलं.

"माझ्या खिडकीला पडदाच नाही," तो एकदा म्हणाला.

"मग तुमचं कुणाशीच पटत नसणार."

"तसं नाही... कुणी मापं घ्यायलाच आलं नाही."

ती एकदम खाली पाण्यात बघू लागली. कान तापले होते. वर काचेच्या छपरावर पाऊस बारीक सुरात पडत होता आणि भोवतालचं पाणी गार होत चाललं होतं.

गार होत होतं ते खरोखरच. तास संपला की तलावाच्या राखणदार बाई पाणी तापवायचं यंत्र बंद करायच्या. बाकीची मंडळी टॉवेल गुंडाळून पळायची. ही दोघं मात्र ओठ निळे पडेपर्यंत एकमेकांना आग्रह करत उभी. बाई शिट्टी फुंकायच्या तेव्हा कुठे ती म्हणायची, "जरा तिकडे तोंड करता? मला संकोच वाटतो." तो लगेच पाठ फिरवायचा. सभ्य माणूस आहे, असं तिला वाटायचं. तिच्या डोळ्यांसमोर बाहेर यावं लागू नये म्हणून तोही त्याच क्षणाची वाट बघत असेल, ही शंका तिच्या मनाला शिवली नाही.

व्हायचं तेच झालं. आधी शिंका, मग खोकला. ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली. छाती भरलीय, अशी भूल देता येणार नाही. तारीख रद्द.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. कारखान्यातली सुट्टी वाया, घरात आणून ठेवलेला वॉकर कोपऱ्यात उभा, आणि ते दुखणं पुन्हा रोज सकाळी उशाशी हजर. वहिनीने उकळतं पाणी आणून, डोक्यावर टॉवेल टाकून तिला वाफ घ्यायला बसवलं. त्या टॉवेलखाली ती पोटभर रडली. कशासाठी केलं आपण हे? एका माणसाला आपली चाल दिसू नये म्हणून!

छाती मोकळी झाल्यावर ती तलावावर गेली ती भांडायच्या तयारीनेच. तास संपला. त्याने नेहमीसारखं, "आधी तुम्ही निघा," म्हटलं.

"निघते," ती म्हणाली. "पण आज तोंड फिरवायचं नाही. बघायचं."

ती पायऱ्या चढली. एकेक. मध्ये थांबली, दात आवळले, पुन्हा चढली. वर पोचून वळली तेव्हा तिचा श्वास फुलला होता.

"तुम्हाला हे दिसू नये म्हणून मी गार पाण्यात उभी राहायचे. त्यापायी माझं ऑपरेशन पुढे गेलं. आता दिसलं. आता जायचं तर जा."

तो पाण्यातून पायऱ्यांपाशी आला आणि कठडा धरून वर चढू लागला. तिच्याहून हळू. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगलाच आखूड होता, आणि मांडीवरून कमरेपर्यंत एकावर एक टाक्यांचे व्रण होते. दर पायरीला त्याचं अख्खं धड उजवीकडे कलायचं.

"मीसुद्धा," वर आल्यावर तो एवढंच म्हणाला.

राखणदार बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "म्हणजे इतके दिवस या खुळेपणासाठी तुम्ही माझी न्याहारी थंड केलीत?" त्या म्हणाल्या आणि बाकावर त्यांच्यासाठी चहाचे दोन पेले ठेवून निघून गेल्या.

चहा पिताना त्याने सगळं सांगितलं. मोजणी करताना दरडीवरून पडला, खुबा मोडला. सांधा बदलला, त्यात जंतू शिरले. तो काढून पुन्हा घातला, पुन्हा तेच. शेवटी सांधा काढला तो काढलाच. आता तिथे काही नाही, नुसते स्नायू धरून आहेत.

"मग पुढची तारीख?" तिने विचारलं.

"मला तारीख नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी येतो ते बरं व्हायला नाही. आहे ते टिकवायला."

त्यानंतर ती दोघं जमिनीवरही चालू लागली. रोज थोडं, तलावामागच्या सपाट रस्त्यावर. पहिल्याच दिवशी गंमत झाली. तो तिच्या डाव्या हाताला होता. ती डावीकडे कलायची, तो उजवीकडे, आणि ठरवल्यासारखी दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"बाजू बदलू या," कपाळ चोळत तो म्हणाला.

"मग लांब लांब जाऊ," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धीटपणाने गोंधळली. त्याने बाजू बदलली नाही. नुसता पावलांचा ताल बदलला, म्हणजे ती कलायची तेव्हा तो सरळ असायचा आणि त्याचा खांदा तिला आयता मिळायचा. त्या दिवसापासून तुम्हीचं तू झालं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्याच रस्त्यावर स्पष्ट कळलं.

नवी तारीख मिळाली तसा तो मिटत गेला. तिला कुबड्यांचा सराव त्यानेच करायला लावला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. खुर्ची उंच करून घे, घरातल्या सतरंज्या काढ, असं बारीकसारीक सगळं सांगितलं. नव्या सांध्यावर ती वर्षानुवर्षं चालणार हे तो जेवढ्या हौसेने बोलायचा, तेवढंच त्याच्या तोंडचं 'आपण' कमी व्हायचं. शेवटी तिनेच विचारलं.

"ऑपरेशननंतर काय?"

"नंतर तू चालशील. नीट. आणि मी असाच." तो रस्त्याकडे बघत होता. "आत्ता आपली चाल जुळते म्हणून तुला मी बरा वाटतो. उद्या तुला माझ्यासाठी थांबावं लागेल. आधी प्रेमाने थांबशील... मग सवयीने, मग कंटाळून. ते बघायची माझी तयारी नाही."

"मला विचारलंस?"

"नाही. म्हणूनच सांगतोय की मी येणार नाही."

आणि तो आला नाही. तलावावरही नाही. ती एकटीच पाण्यात चालत राहिली, कारण स्नायू कुणाच्या रुसव्याफुगव्यासाठी थांबत नाहीत. घरी वहिनीला तिने सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकत राहिली आणि म्हणाली, "एक दुखणं निस्तरतंय तोवर दुसरं? त्याचं तर बरंही व्हायचं नाही. म्हातारपणी कोण कुणाला उठवणार? बरं झालं, त्यालाच अक्कल सुचली." वहिनीचं चूक नव्हतं, हेच तर दुखत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला झोपवलेली ढकलगाडी थिएटरबाहेर भिंतीला लावून ठेवली होती. आतलं आधीचं काम संपायचं होतं. लांबलचक व्हरांडा, मळकट उजेड, भिंतीलगत बसलेले नातेवाईक. वहिनी शेजारी खुर्चीत पिशवी घट्ट धरून बसली होती. भावाच्या वेळीही ती अशाच खुर्चीत बसली होती. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने पिशवी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत ठेवली आणि नणंदेचा हात हातात घेतला. दोघींचेही हात गार पडले होते.

तेवढ्यात व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला पावलं वाजली. एक हलकं, एक जड. उंच तळाच्या बुटाचं.

तो येत होता. माणसं वळून बघत होती. एक बाई तर तोंडाला पदर लावून शेजारणीला काही सांगत होती. त्याने घाई केली नाही. भिंतीचा आधार घेतला नाही. मधोमध, सगळ्यांच्या देखत, दर पावलाला उजवीकडे कलत तो अख्खा व्हरांडा चालून तिच्यापाशी आला.

"नीट बघितलंस?" त्याने विचारलं. त्याला धाप लागली होती.

"बघितलं."

"हे असंच राहणार. पुढे वाढेलही. मी फार भ्यालो होतो. तुला न विचारताच तुझं उत्तर ठरवून बसलो, ते चुकलं माझं. आता विचारायला आलोय. माझ्याबरोबर राहशील? आत्ता सांगू नकोस. ऑपरेशन होऊ दे, शुद्धीवर ये, दोन पावलं टाकून बघ... मग सांग."

थिएटरचं दार उघडलं. हिरव्या कपड्यातल्या माणसाने गाडीचा दांडा धरला.

तिने त्याचा हात पकडला. "आणि शुद्धीवर आलेच नाही तर? मग तुला कधीच कळायचं नाही." तिचा आवाज कापत होता, पण शब्द अडखळले नाहीत. "म्हणून आत्ताच सांगते. हो. राहीन."

गाडी हलली. हात सुटले. छताचे दिवे मागे सरकू लागले. तिने मान उचलून पाहिलं. वहिनीने बाजूच्या खुर्चीतली पिशवी उचलून मांडीवर घेतली होती, आणि तो त्या खुर्चीत बसत होता, सावकाश, वहिनीच्या हाताचा आधार घेऊन. मग दार मिटलं.