मयत तुळशीराम यास रजा मिळणेबाबत

विषय : मयत तुळशीराम, मिठागर कामगार, यास कामावरून मोकळे करणेबाबत.
संदर्भ : त्याची बायको भामा हिचा अर्ज, मार्च १९६१.

असला अर्ज कचेरीत आला की वरून खाली घरंगळत येतो आणि सर्वांत थकलेल्या कारकुनाच्या टेबलावर थांबतो. निवृत्तीला चार महिने उरलेला कमळाकर भर दुपारी छत्री घेऊन चौकशीला निघाला. मेलेला माणूस कामावर असल्याची तक्रार त्याने प्रथमच पाहिली होती; जिवंत असून कामावर नसलेले मात्र कचेरीत रोज दिसत.

अर्जातला पत्ता पनवेल बंदराजवळच्या जुन्या भाताच्या वखारीचा होता; तिथे गर्शोम हा चित्रकार राहायचा. भामा दारातच उभी होती. आत खाडीच्या चिखलाचा ओला वास. जमिनीवर दोन दारांएवढ्या फळ्या, आणि त्यांवर आडवं पडलेलं चित्र : करडं, काळं, मधेमधे पांढरे खवले.

"कशाचं आहे हे?" कमळाकरने वही उघडली.

"कशाचंच नाही," गर्शोम म्हणाला. "मिठागर दाखवायचं असतं तर पातळ रंगात दाखवलं असतं. वर आकाश, कोपऱ्यात बगळा. मला तिथलं ओझं हवं होतं. म्हणून तिथलाच चिखल आणि तिथलंच मीठ तेलरंगात कालवलं. पण थापीने ते बसेना. त्याला तुडवणारे पाय लागतात."

ते पाय तुळशीरामचे. पाणी झिरपू नये म्हणून मिठागराचा तळ दिवस दिवस तुडवतात, तसं त्याने हे चित्र आठ दिवस तुडवलं होतं. पुढच्या अमावास्येच्या उधाणात मिठागराचा बांध फुटला आणि तो वाहून गेला. त्याला दीड वर्ष झालं.

"तेव्हापासून हे वाळत नाही," गर्शोम पुटपुटला. "मी बोटभरही नवा रंग घातलेला नाही. तरी जाडी वाढते."

कमळाकरने पट्टी खुपसली. साडेतीन इंच. मग त्याने तळवा टेकवला. कोणी नुकतंच उठून गेलेल्या पाटासारखा चिखल कोमट होता. उन्हाने असेल, त्याने स्वतःला सांगितलं. वखारीला खिडकी नव्हती.

बाहेर खाडीला भरती लागली.

"आता बगा..." भामा कुजबुजली.

पच्... पच्... चिखलात एक टाच दबली. मग बोटं. मग दुसरं पाऊल, कडेकडेने, काम नीट व्हावं अशा सवयीच्या काळजीने. वर कोणी नव्हतं.

"पयले पाय उचलून टाकायचा," भामा म्हणाली. "आता टाच फरफटते. दमलाय वो माजा दादला. तुमी सरकारी मानूस हाय. त्याला सुट्टी द्या."

"गर्शोमभाऊ, तुम्हीच सांगा ना त्याला..." कमळाकर म्हणाला.

"हात जोडून सांगितलं. शेवटी खरवडून काढलं. प्रत्येक थरात पावलं होती, थेट लाकडापर्यंत." गर्शोमने मान खाली घातली. "मग सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून तुडवावं लागलं."

कमळाकरला तिथून निघायचं होतं. अशा वेळी तोंडात येणारं एकच वाक्य त्याच्याकडे होतं. "रजेचा अर्ज कामगाराने स्वतः करायचा असतो. अंगठ्यासह." त्याने घाईघाईने अर्ज लिहिला, फळीच्या कडेला ठेवला आणि हा कागद परत यायचा नाही या भरवशावर बाहेर पडला. छत्री आतच राहिली.

तिसऱ्या दिवशी कागद त्याच्या टेबलावर होता. भामाने आणला नव्हता, गर्शोमनेही नाही. कचेरीतला जांभळा अंगठा कागदावर चपटा पडतो. हा करडा होता, कागदावरून पाव इंच वर उचललेला. रेघांत मिठाचे कण. दाबला तर दबत होता. कोमट होता.

साहेबांनी शेरा मारला : 'अर्जदारास समक्ष पाहिलेल्या व्यक्तीने ओळख पटवून सही करावी.'

पाहिलेला कारकून एकच होता. त्याने दौत उघडली, निवृत्तीचे कागद अजून साहेबांकडेच आहेत हे आठवलं, आणि दौत बंद केली. जुलैत तो घरी बसला.

अर्जाच्या तळाशी आता तसेच करडे, कोमट अकरा अंगठे आहेत. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.