नेल्चेच्या दाराशी म्हटलेलं ‘येते’

ही गोष्ट खरी आहे.

आणि रात्रीची नाही. अमावस्या, पिंपळ, कुत्र्यांचं रडणं, यातलं काहीही यात नाही. सगळं भरदिवसा घडलं. गेल्या ऑक्टोबरातला एक मंगळवार होता आणि शाळांना सुट्टी होती.

नावं बदलली आहेत. गावाचं नाव तर सांगणारच नाही. तुमच्यातलं कुणीतरी हौसेने बघायला जाईल आणि नको ते बोलून येईल.

मी बोलून आले, तसं.

मला सुचेता म्हणा. नवरा सुदर्शन, आणि सात वर्षांची मुलगी, जुई. आम्ही नेदरलँड्समध्ये रायस्वाइकला राहतो, हेगच्या अगदी शेजारी. जुईचा जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार डचमध्ये. मराठी शब्द तिच्या तोंडून फक्त दोन निघायचे.

एक, ‘आई’.

दुसरा, शाळेत जाताना दारातून ओरडून... ‘येते!’

हा दुसरा मी हट्टाने शिकवला होता. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे तरी पोरीला यायला हवं, असं मला वाटायचं. बाकी मराठी गेली तर गेली.

आता माझ्या कामाबद्दल. मी इथे आले ती सुदर्शनच्या व्हिसावर. घरात बसून बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा डच शिकले. मग एका जुन्या दप्तरखान्यात फुकट काम करायला लागले आणि तिथे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर वाचायला शिकले. आता पोट त्यावरच चालतं. न्यूयॉर्क आधी डचांची वसाहत होती. त्यामुळे बऱ्याच अमेरिकन लोकांचे मूळ पुरुष इथल्या चर्चच्या जुन्या वह्यांत सापडतात. मी ते शोधून देते.

डोंबिवलीची विशाखामावशी सगळ्यांना सांगते, “आमची सुचेता मेलेल्या गोऱ्यांच्या पत्रिका काढते.”

वॉल्टर असाच एक गिऱ्हाईक. ऐंशीच्या पुढचा, आजारी, पण बोलायला गोड. त्याच्याकडे हडसन नदीकाठच्या जमिनीचं एक जुनं खरेदीखत होतं. जमीन घेणारी होती एक विधवा, ट्राइन्चे. वॉल्टर तिला ‘ट्रिन-जी’ म्हणायचा, जशा काही दिल्लीच्या कुणी मोठ्या बाई. ती हॉलंडमधल्या कुठल्या गावची, एवढंच त्याला डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की ती एकटी आली. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

गाव सापडलं. ट्राइन्चेचा बाप्तिस्मा सापडला, लग्न सापडलं. नवरा समुद्रात बुडाला, तेही सापडलं. शेवटी तिच्या नावापुढे पाद्र्याने लिहिलं होतं, न्यू नेदरलँडला, म्हणजे आताच्या न्यूयॉर्ककडे, गेली.

पण मागे कुणी नव्हतं, हे खोटं होतं.

मागे एक मुलगी होती. नेल्चे. तिला चर्चच्या अनाथांत ठेवून आई जहाजावर चढली होती. जाताना काय सांगून गेली असेल, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. पण सात-आठ वर्षांच्या पोरीला आपण काय सांगू? येते हं लगेच, हेच ना?

मी नेल्चेला पुढे शोधलं. लग्न नाही. गाव सोडल्याची नोंद नाही. आणि दफनाचीसुद्धा नाही.

गावातलं प्रत्येक मेलेलं माणूस त्या वहीत होतं... नेल्चे नव्हती.

वॉल्टरला कळवलं. तो म्हणाला, “वाईट वाटलं. पण ती माझ्या शाखेत येत नाही. अहवालात नको.”

मला राग आला. आईने टाकली, आता साडेतीनशे वर्षांनी हाही टाकतो. पण पैसे त्याचे होते. त्याला फक्त त्या चर्चचे फोटो हवे होते. म्हणून त्या मंगळवारी मी गेले, आणि सुट्टी होती म्हणून जुईलाही घेतलं.

गाव अगदी छोटं. पाणी, बंधारा, मेंढ्या आणि चर्च. किल्ली मिनेके नावाच्या सत्तरीच्या बाईकडे होती. भरपूर बोलणारी. मला डच येतं म्हणून खूश झाली, जुईला बिस्किट दिलं.

चर्चला उत्तरेकडे एक बुटकं दार होतं, बंधाऱ्याकडे उघडणारं. आतल्या बाजूला उंबऱ्यापाशी एक फरशी झिजून खोलगट झाली होती. बाकी कुठलीच नाही, तेवढी एकच.

मी फोटो काढत होते. आणि मागून आवाज आला...

सर्र. सर्र.

चालण्याचा नव्हता तो. खूप वेळ उभं राहिलेलं मूल कसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतं? तसा.

मला वाटलं जुई आहे. वळून बघितलं, तर जुई पार दुसऱ्या टोकाला बाकावर बसून बिस्किट खात होती.

दाराशी कुणीच नव्हतं.

घाबरले का? खरं सांगते, नाही. मला गलबलून आलं. ती पोर इथेच उभी राहत असणार, बंधाऱ्याकडे बघत. निघताना मी त्या दाराशी थांबले. आपण कुणाच्याही घरून निघताना म्हणतो, तेवढ्याच सहज तोंडातून गेलं...

“येते हं, बाळा.”

मिनेकेने विचारलं, “काय म्हणालात?”

मी काही बोलायच्या आत जुई मोठ्या दिमाखाने डचमध्ये म्हणाली, “आई म्हणाली, मी परत येते.”

मिनेकेचा चेहरा उतरला.

“ते म्हणायला नको होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “या दाराशी कुणी तसं म्हणत नाही. माझी आईपण म्हणायची नाही. गुपचूप बाहेर पडायचं.”

“का?”

“माहीत नाही. नाही म्हणायचं.”

डच माणसं बसच्या ड्रायव्हरलासुद्धा ‘पुन्हा भेटू’ म्हणून उतरतात. मिनेके कुलूप लावून एक शब्द न बोलता निघून गेली.

दोन-तीन दिवस गेले, आणि मी दुपारची घरी काम करत बसले होते. बाहेरच्या दारापाशी आवाज आला.

सर्र. सर्र.

पार्सलवाला असेल म्हणून दार उघडलं. समोर फक्त जुईची सायकल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी आवाज दाराच्या आतून होता.

मग जुईचे बूट. रोज ती ते वाटेल तसे फेकते आणि मी रोज ओरडते. आता ते दाराशी नीट जोडून ठेवलेले असायचे, टोकं बाहेरच्या बाजूला. मला आधी कौतुक वाटलं. वेडीच मी.

मग एकदा शाळेतून आल्यावर जुई पॅसेजमध्ये, काहीच नसलेल्या कोपऱ्याशी बोलताना दिसली.

“कुणाशी बोलतेस गं?”

“नेल्चेशी.”

हे नाव मी घरात कधीही उच्चारलं नव्हतं.

जुई डचमध्ये म्हणाली, “तू म्हणालीस ना, परत येते. मग तू गेलीच नाहीस. म्हणून ती आली.”

सुदर्शनला सांगितलं, तर तो म्हणाला, “तुझ्या कॉम्प्युटरवर वाचलं असेल. ती हुशार आहे.” हुशार आहे, मान्य. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर?

शेवटी विशाखामावशीला व्हिडिओ कॉल केला. ती ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसली.

“अगं, कुणाच्या दहाव्याला गेलीस तर निघताना ‘येते’ म्हणतेस का? मुकाट्याने उठायचं असतं! आणि तू मेलेल्या पोरीला सांगून आलीस. वर लेकीकडून त्यांच्या भाषेत भाषांतरही करून दिलंस!”

“आता काय करू, मावशी?”

“काय करणार? तिथेच जा. आणि ‘जाते’ म्हणून ये.”

मला ते पटलं. मला तेव्हा काहीही पटलं असतं. माझ्या पोरीच्या मागे काहीतरी लागलंय, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी गेले. जुईला नेणार नव्हते, पण ती गाडीत जाऊन बसली होती. सुदर्शन ऑफिसच्या कामात, घरी लक्ष कोण ठेवणार? म्हटलं, डोळ्यासमोर तरी राहील. जॅकेटची टोपी ओढून ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

मिनेकेने कुलूप काढलं आणि लांब फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मी उत्तरेच्या दाराबाहेर थांबले, तोंड आत करून. जुईचा हात धरला होता.

आतून आवाज येत होता. सर्र. सर्र.

जुईने हात सोडवला. “ती इथेच आहे,” म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली. मी ओढायला हवं होतं तिला. पण मला वाटलं, एक शब्द, मग सुटलो सगळे.

मी हात जोडले, डोळे मिटले.

“जाते,” मोठ्याने म्हणाले. मग डचमध्येही. “मी जाते. मी परत येणार नाही.”

आवाज थांबला.

इतका अचानक थांबला की मला स्वतःचा श्वास ऐकू आला.

डोळे उघडले. जुई आत उभी होती, त्या झिजलेल्या फरशीवर. माझ्याकडे बघत होती. कितीतरी वर्षांनी कुणी दिसावं, तशी.

“ये,” मी म्हटलं.

ती आली. माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

त्यानंतर घरात आवाज आला नाही. बूट पुन्हा जोडलेले दिसले नाहीत. मावशीने तिकडे देवापुढे साखर ठेवली. मीही पहिल्यांदा नीट झोपले.

सोमवारी जुई शाळेला निघाली. दारातून बाहेर पडली. आणि काहीच बोलली नाही.

“जुई, येते म्हण.”

तिने नुसतं बघितलं. शब्द ओळखीचा नसल्यासारखं.

संध्याकाळी मला हाक मारली, “मूदर.”

डचमध्ये तो आईसाठीचाच शब्द आहे. पण तो पुस्तकातला. इथली पोरं ‘मामा’ म्हणतात. आणि माझी तर ‘आई’ म्हणायची. बोलायला लागल्यापासून.

सुदर्शन म्हणाला, शाळेत ऐकलं असेल. डॉक्टरबाईंनी तपासलं, मुलगी ठणठणीत आहे म्हणाल्या. मी तिच्या मानेवरचा तीळ बघितला. तीळ आहे. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खूण आहे. मी रोज आंघोळीला बघते.

मराठीत बोललं की ती आता माझ्या ओठांकडे बघत राहते. आणि मी कचरा टाकायला बाहेर पडले तरी जॅकेट घालून दारात येऊन उभी राहते.

मग मिनेकेचा फोन आला.

ती म्हणाली, “उत्तरेच्या दाराशी पाय वाजतात, हे आम्हाला माहीत आहे. माझ्या आजीलाही माहीत होतं. पण आवाज कधी नव्हता. बोलण्याचा.”

“म्हणजे?”

“गेल्या आठवड्यापासून आत कुणीतरी हाक मारतं. एकच शब्द. आमचा नाही तो. म्हटलं, तुमच्या भाषेतला असेल...”

तिने मग जमेल तसा उच्चार करत विचारलं,

“‘आई’ म्हणजे काय हो?”

फोन कानाला धरूनच मी मागे वळले. पॅसेजमध्ये ती उभी होती. माझ्याकडे बघत. एका पायावरून दुसऱ्या पायावर...

आता मी आठवड्यातून एकदा तिथे जाते. सुदर्शनला दप्तरखान्यात जाते म्हणून सांगते. मिनेके दार उघडून देते, मी त्या फरशीपाशी जमिनीवर बसते. शाळेच्या गोष्टी सांगते, मराठीत. हाक मला अजून ऐकू आलेली नाही. पण मी बोलायला लागले की पायांचा आवाज थांबतो, आणि मला कळतं की ती ऐकते आहे. ये, ये म्हणून मी किती वेळा म्हटलंय. कुणी येत नाही. आईच नाही येणार म्हणून सांगून गेल्यावर कोण विश्वास ठेवेल?

उजेड कमी झाला की मिनेके कुलूप घेऊन येते आणि मला उठावं लागतं.

‘येते’ म्हटलं तर पोर तिथेच वाट बघत राहील. ‘जाते’ मी एकदा म्हणून बसले आहे.

मग मी काहीच न बोलता निघते.

घरी पोचते तेव्हा दुसरी दारात उभी असते, जॅकेट घालून. मला बघितलं की तिचे पाय हलायचे थांबतात.