सांधा बदलणारी

जिन्यावर पावलं वाजली आणि खांद्याला पिशवी लावलेला एक तरुण धापा टाकत केबिनच्या दारात उभा राहिला.

“इथे सांधा कोण बदलतं?”

“मीच.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला… “मी शब्दकोशाच्या कचेरीतून आलोय. बोलता बोलता कुणी विषय बदलला की आपण म्हणतो ना, ‘सांधा बदलला’? त्याचा अर्थ लिहिलाय मी. पण सांधा कधी पाहिलाच नाही.”

मला हसू आलं. रोज सांधे बदलूनही या बोलण्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. “बसा. मालगाडी येतेय.”

मी दोन्ही हातांनी लिव्हर ओढला. खाली रुळाची निमुळती पाती सरकून शेजारच्या रुळाला टेकली. गाडी आली आणि खडखडाट करत बाजूच्या लाइनीवर वळली.

“जरा खडखडतं, आणि गाडी दुसऱ्याच वाटेला लागलेली असते,” मी म्हटलं.

“बोलण्यातही अगदी असंच,” तो म्हणाला. पण पाहत होता माझ्या हातांकडे.

मग तो येतच राहिला. कधी ‘सिग्नल’साठी, कधी ‘रुळावर येणं’साठी. ‘डबा’ या शब्दात तर अख्खी दुपार गेली.

एकदा मी सांगून टाकलं, “आत्यानं स्थळ आणलंय. मुलगा चांगला आहे. पण म्हणतो, लग्नानंतर ही लोखंडं ओढायची नाहीत.”

“मग तुम्ही… म्हणजे… वारा फार सुटलाय, नाही?”

“सांधा बदललात.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तेवढ्यात लिव्हर अडला. पॅसेंजर यायची वेळ झालेली. मी सिग्नल लालच ठेवला, स्टेशनमास्तरांना कळवलं आणि पहार उचलली. “फोन वाजला तर घ्या,” म्हणत खाली धावले. पातीत खडीचा दगड रुतून बसला होता. तळहात सोलवटले, पण निघाला एकदाचा.

वर आले तर तो फोनवर सांगत होता, “मी शब्दकोशवाला बोलतोय. बाई खाली गेल्यात. त्या वर येईपर्यंत गाडी सोडू नका… हो, त्या काढणार म्हणजे निघणारच.”

पॅसेंजर सुखरूप गेली. त्यानं माझ्या तळहाताला रुमाल बांधला — अगदी हलक्या हातानं.

“आज कुठला शब्द होता?” मी विचारलं.

“कुठलाच नाही. या सगळ्या शब्दांची पानं कधीच छापायला गेलीत. मी… तुम्हाला बघायला येतो.”

मी हात सोडवून घेतला नाही. “मग आत्याला भेटा.”

आई गेल्यापासून आत्यानंच मला वाढवलेलं. रविवारी तो समोर बसताच तिनं मुद्द्यालाच हात घातला.

“हिची ड्यूटी पहाटेचीसुद्धा असते. घरी चहा कोण करणार?”

“मी. फारसा चांगला होत नाही, पण होतो.”

“आणि नोकरी?”

“मी त्यांना काम करताना पाहिलंय, आत्याबाई. सोडा कुठल्या तोंडानं म्हणू?”

आत्या हसली नाही. माझ्याकडे वळली. “तुझं काय म्हणणं आहे गं?”

आजवर माझं एकच उत्तर असायचं, ‘तू म्हणशील तसं.’ त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलं…

“मला हाच हवाय, आत्या.”

“मग त्या मंडळींना आजच नकार कळवते,” म्हणत ती उठली. “चहा मी करतो,” म्हणत तोही उठला.