तिसरी धार

श्रेया, मल्हारीची गोष्ट हाय ही. आपल्या पिशोरचाच, मेंढरं राखणारा. लहानपणापासून बघतो मी त्याला. उगं काहीबाही बोलायची सवय नाय त्याला.

दोन हजार तेवीसचा जून, नऊ तारीख, शुक्रवार. मेंढरांना हगवण लागली म्हणून मल्हारी औषध आणायला कन्नडला गेला. येताना गाडी पंक्चर. निघेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले.

त्याचा धाकटा भाऊ अजिनाथ तेव्हा लडाखमधी होता. नदीचं पाणी मोजायचं काम. फोनवर आईला, बानाबाईला सांगायचा, "आये, ही नदी एका जागी राहतच नाय. गोट्यांतून तीन-चार धारा फुटतेत, उद्या बघावं तर भलतीकडंच. सकाळी घोट्याएवढं पाणी. दिवसभर ऊन लागून वरचं बर्फ वितळतं, अन् संध्याकाळी तेच पाणी छातीला."

तर, सव्वाअकराला मल्हारी गावाअलीकडच्या ओढ्यावर आला. ओढा ठणठणीत कोरडा. वाळूत कुणीतरी बसलेलं.

"कोण हाय रं?"

"दादा."

अजिनाथचा आवाज! मल्हारीला आधी आनंदच झाला. गाडी लावून खाली उतरला.

"कधी आलास? फोन तरी करायचा."

त्यानं मल्हारीचं बोट धरलं. त्याच बोटानं वाळूत रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी. पुढं तिन्ही एकात मिळवल्या.

"ते खाली पुलापाशी शोधतेत..."

"कोण? कोणाला?"

"मी हितं हाय." बोट तिसऱ्या रेघेवर दाबलं. जोरात.

"अजिनाथ..."

"संध्याकाळ झाली होती, दादा..."

मग... कुणीच नाय. नुसती वाळू.

मल्हारी घरी पोचला तर बानाबाई दारात, हातात फोन. मल्हारीनं फोन घेतला. पलीकडून अजिनाथचा साहेब सांगत होता, अजिनाथ वाहून गेलाय, पुलाखाली शोध चालू हाय.

"पुलापाशी नका शोधू," मल्हारी म्हणला. "वर बघा. धारा एक व्हायच्या आधी. तिसरी धार."

साहेब म्हणला, "तुम्ही कधी इकडं आला होता का?"

पहाटं पाणी उतरलं. तिथंच सापडला. बानाबाईला लेकाचं तोंड तरी बघायला मिळालं.

"आजोबा, अन् त्या रेघा?" श्रेया, विचारलंस ते बरं केलंस. सकाळी मी सोता गेलो ओढ्यात. काहीच नव्हतं. शेरडं फिरून गेलेली.

पण चार दिवसांत मल्हारीचं ते बोट पेरापर्यंत काळं पडलं. कन्नडचा डॉक्टर आधी फौजेत होता. बोट उलटंसुलटं करून बघितलं अन् विचारलं, "बर्फात किती वेळ होता हात?"

बेचाळीस डिग्री चालू होतं तेव्हा इथं.

परवा बाजारात भेटला मल्हारी. त्या बोटाला नख अजून आलेलं नाय.